काजवे पाहायला भंडारदऱ्याला जाताय? तारीख ठरवण्यापासून परतीपर्यंत, टप्प्याटप्प्याने

मे संपत आला की भंडारदऱ्याच्या काजव्यांबद्दल तेच तेच प्रश्न सुरू होतात. कुठल्या गावात जास्त दिसतात? शनिवारी संध्याकाळी निघून रविवारी पहाटे परत येता येईल का? मोबाईलवर फोटो येतो का? आणि जाऊन आलेल्यांची तक्रारही दरवर्षी तीच असते: नाक्यावर गाड्यांची रांग, अरुंद रस्त्यावर समोरासमोर अडकलेल्या गाड्या, सगळीकडे हेडलाइटचा झोत, आणि रात्री अकरा वाजता कसेबसे दिसलेले चार काजवे.

या सगळ्याच्या मुळाशी एकच गैरसमज आहे: काजवे गाडीतून फिरत शोधायचे असतात. करायचं याच्या नेमकं उलट असतं. एक गाव ठरवा, उजेड असताना पोचा, अंधार पडताना एका जागी बसा आणि रात्री त्याच गावात मुक्काम करा. एवढं जमलं की बाकीचं सोपं आहे.

आणखी एक गोष्ट निघण्याआधीच ध्यानात घ्या. आपण जातो ते कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातल्या या अभयारण्यात पिढ्यान् पिढ्या नांदणारी गावं आहेत. बहुतेक वस्ती महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. म्हणजे तुम्ही एकाच वेळी जंगलातही असता आणि कुणाच्या तरी अंगणातही. दोन्हीकडच्या रीती सांभाळाव्या लागतात.

## टप्पा 1: तारीख ठरवणं

सर्वांत जास्त चुका इथेच होतात, कारण बहुतेक जण तारीख स्वतःच्या सुट्टीवरून ठरवतात. ती तीन गोष्टींवरून ठरवायची, आणि याच क्रमाने: पाऊस, चंद्र, वार.

पाऊस. वळवाच्या एक-दोन सरी पडून जमीन ओलावली, हवा दमट झाली की काजव्यांची संख्या झपाट्याने वाढते. साधारण मेच्या शेवटच्या आठवड्यापासून, म्हणजे रोहिणी नक्षत्र लागल्यापासून, मृगाचा पाऊस जोर धरेपर्यंतचा हा काळ. घाटमाथ्यावर धो-धो पाऊस सुरू झाला की खेळ आटोपतो. कुठल्या वर्षी हा काळ लांबतो, कुठल्या वर्षी आठवडाभर आधीच संपतो. म्हणून दोन महिने आधी तारीख पक्की करू नका. दोन पर्याय मनात ठेवा आणि चार दिवस आधी मुक्कामाच्या घरी फोन करून विचारा.

चंद्र. कालनिर्णय काढा आणि अमावस्या शोधा. पौर्णिमेनंतर चंद्र रोज साधारण पाऊण ते एक तास उशिरा उगवतो. त्यामुळे वद्य पंचमी-षष्ठीपासून पुढे संध्याकाळचे पहिले तीन-चार तास काळोख मिळतो, आणि तो अमावस्येनंतरच्या शुद्ध द्वितीया-तृतीयेपर्यंत टिकतो. एवढ्या दिवसांतली कुठलीही रात्र चालेल. शुद्ध अष्टमी ते पौर्णिमा टाळा. चंद्र अंधार पडण्याआधीच आकाशात असतो आणि लांबची झाडं फिकी पडतात.

वार. शनिवार टाळता आला तर टाळाच. सोमवार ते गुरुवार यातली रात्र मिळाली तर त्याच गावात, त्याच झाडांखाली अगदी वेगळा अनुभव येतो. नोकरीमुळे शनिवारच शक्य असेल, तर दुपारी तीनच्या आत मुक्कामी पोचण्याचं नियोजन करा. ते जमणार नसेल तर त्या आठवड्यात जाऊ नका, असंच मी सांगेन.

> तपासून घ्या: वळीव पडून गेलाय का? त्या रात्री चंद्र किती वाजता उगवतो किंवा मावळतो? दुसऱ्या दिवशी घाटमाथ्याला अतिवृष्टीचा इशारा नाही ना?

## टप्पा 2: गाव आणि मुक्काम

भंडारदरा धरणाजवळची बाजारपेठ म्हणजे शेंडी. तिथून जलाशयाला वळसा घालणारा रस्ता निघतो आणि मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल अशा गावांवरून पुन्हा शेंडीला येतो. हा फेरा चाळीस किलोमीटरच्या वर आहे, आणि रात्री तो पूर्ण करण्याचा मोह हीच सर्वांत मोठी चूक. या रस्त्यावरच्या बहुतेक गावांच्या शिवारात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर, आंबा अशी मोठी झाडं आहेत आणि काजवे त्यांच्यावरच जमतात. कुठल्या गावात जास्त, हा प्रश्न त्यामुळे फारसा कामाचा नाही. या वर्षी, या आठवड्यात, आपल्या गावाजवळ कुठलं झाड भरलंय, हे तिथल्या माणसाला ठाऊक असतं. म्हणून मुक्काम गावातल्या घरी करावा.

शेंडीजवळ हॉटेलं आहेत, जलाशयाच्या काठाने तंबूंच्या वसाहतीही आहेत. काजव्यांसाठी जात असाल तर निवड करताना एकच निकष लावा: रात्री दिवे बंद होतात का? जिथे झाडांना रोषणाईच्या माळा लावतात, गाणी वाजवतात, शेकोटी पेटवतात, तिथे पैसे भरून काजव्यांपासून लांब बसण्यासारखं आहे.

फोनवर काय बोलायचं, हेही ठरवून घ्या. अर्धवट बोलण्यामुळे पुढे दोन्ही बाजूंना त्रास होतो. साधारण असं:

"दादा, आम्ही सहा जण येतोय, त्यात एक आजी आणि दोन लहान मुलं. बुधवारी दुपारी तीनपर्यंत पोचू. रात्रीचं जेवण, सकाळचा चहा-नाश्ता आणि दुपारचं जेवण तुमच्याकडेच. चार जण शाकाहारी. अंथरूण-पांघरूण आहे का? संडास-बाथरूम घराजवळ आहे का? संध्याकाळी झाडं दाखवायला घरातलं कोणी बरोबर येईल का, त्याचे वेगळे किती द्यायचे?"

एवढं सांगितलं की पुढचा माणूस नीट तयारी करतो. भाजी-किराणा आणायला त्याला शेंडीला किंवा राजूरला जावं लागतं. आयत्या वेळी सहाचे दहा झाले किंवा "आम्ही वाटेत जेवून आलो" म्हणालात, तर नुकसान त्याचं होतं. थोडी आगाऊ रक्कम पाठवा, आणि बेत रद्द झाला तर ती परत मागू नका.

> सावधान: मुक्काम ठरलेला नसताना रात्री आठला गावात शिरून "खोली मिळेल का" विचारत फिरू नका. ज्यांच्या दारात गाडीचा झोत पडतो त्यांची झोप जाते आणि ओळीने सगळ्या झाडांवरचे काजवे विझतात.

## टप्पा 3: बरोबर काय घ्यायचं

थोडंच, पण नेमकं.

1. पूर्ण बाह्यांचे कपडे, लांब पँट, मोजे आणि घोटे झाकणारे बूट. डास चावू नयेत म्हणून अंगभर स्प्रे मारू नका, कपड्यांनीच अंग झाका. कीटकांना दूर पळवण्यासाठीच बनवलेली औषधं काजव्यांच्या झाडाखाली फवारणं योग्य नाही.
2. प्रत्येकी एक छोटी विजेरी आणि तिच्या काचेवर दोन-तीन पदरी लाल जिलेटिन कागद, रबरबँडने बसवलेला. स्टेशनरीच्या दुकानात तो मिळतो. हे काम घरीच करा, तिथे अंधारात जमत नाही.
3. रेनकोट. छत्री नको. वळवाच्या वाऱ्यात ती टिकत नाही आणि हातही अडकतो.
4. बसायला सतरंजी किंवा जाड गोणपाट.
5. रोख पैसे, सुट्ट्या नोटांसह. रेंज भरवशाची नाही, त्यामुळे मोबाईलने पैसे देता येतील हे गृहीत धरू नका.
6. रोजची औषधं, बँडेज, ओआरएसची पाकिटं.
7. पाण्याच्या भरून घ्यायच्या बाटल्या आणि कचऱ्यासाठी दोन जाड पिशव्या.

मोबाईलमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि 'दामिनी' हे विजेचा इशारा देणारं ॲप टाकून घ्या. रेंज असेल तेव्हा ते उपयोगी पडतं. ब्लूटूथ स्पीकर, फटाके, ड्रोन, दारू घरीच राहू द्या.

## टप्पा 4: प्रवास आणि वनविभागाचा नाका

मुंबई, ठाणे आणि नाशिककडून येणाऱ्यांना घोटी गाठून बारी-वाकी मार्गे शेंडी. पुण्याहून नाशिक महामार्गाने संगमनेर, तिथून अकोले, राजूर आणि शेंडी. रेल्वेने येणाऱ्यांनी इगतपुरीला उतरावं आणि घोटीहून एसटी किंवा जीप पाहावी. पण आतल्या गावांपर्यंतची गाडी आधी ठरवलेली बरी, कारण संध्याकाळनंतर हाताला काही लागत नाही. पेट्रोल आणि रोकड घोटी किंवा अकोल्यालाच भरून घ्या.

अभयारण्यात शिरताना नाक्यावर माणशी आणि वाहनाचं प्रवेश शुल्क भरायचं, पावती घ्यायची आणि परतेपर्यंत जपायची. काजव्यांच्या हंगामात रात्री किती वाजेपर्यंत आत सोडतात, किती वाजता थांबायचं, वाहनं कुठे लावायची, याचे नियम वनविभाग दर हंगामात ठरवतो. मागच्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नका, नाक्यावर विचारा. तिथल्या कर्मचाऱ्याशी हुज्जत घालून काही साधत नाही. गर्दीच्या शनिवारी हीच मोजकी माणसं मध्यरात्रीपर्यंत रस्त्यावर उभी असतात.

> सावधान: वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 अभयारण्याला पूर्ण लागू आहे. काजवे बाटलीत भरणं, झाडाची फांदी तोडणं, वणवा लागेल अशा रीतीने आग पेटवणं हे गुन्हे ठरतात. मेअखेरीस गवत कोरडं ठणठणीत असतं. ठिणगी पुरते. वनविभागाची मदतवाहिनी 1926, रुग्णवाहिका 108.

## टप्पा 5: उजेडातली पाहणी

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात, आणि रात्रीचं यश यावरच ठरतं.

चहापाणी झालं की साडेपाचच्या सुमारास घरातल्या माणसाबरोबर पायी निघा. जिथे बसायचं ती जागा उजेडात पाहून घ्या. जागा निवडताना तीन गोष्टी बघा. मोठं झाड समोर हवं, डोक्यावर नको. वीस-पंचवीस पावलांवरून संपूर्ण झाड एका नजरेत येतं. पायाखाली रस्ता, खळं किंवा मोकळी तुडवलेली जमीन हवी, गवत नको. आणि जागा डांबरी रस्त्याच्या वळणावर नको, कारण वळणावरच्या गाडीचा झोत थेट झाडावर पडतो.

परतीची वाटही तेव्हाच ध्यानात ठेवा: कुठे बांध आहे, कुठे चर, कुठे दगड सुटे आहेत. रात्री विजेरी कमीत कमी लावायची असेल तर पायांना वाट माहीत हवी. या दिवसांत फुरसं, मण्यार, चापडा हे विषारी साप बाहेर पडलेले असतात. वाट सोडून चालू नका, दगडावर किंवा ओंडक्यावर न बघता बसू नका, काळोखात हात टेकू नका.

> सावधान: साप चावला तर बांधाबांध, कापाकापी, चोखणं यात एक मिनिटही घालवू नका. चावलेला अवयव स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका, 108 ला फोन लावायला सांगा आणि गाडीने राजूर-अकोल्याच्या दिशेने निघा.

जेवण आधी की नंतर? नंतर. सूर्य सात-सव्वासातला मावळतो आणि पावणेआठपर्यंत पुरता काळोख होतो. आठला जेवायला बसलात तर पहिला, सर्वांत चांगला तास हातचा जातो. मुलांना सहा वाजता काहीतरी खायला घाला, मोठ्यांनी चहावर निभवावं.

## टप्पा 6: काजव्यांची रात्र

साडेसातपूर्वी जागेवर बसा. मोबाईल खिशात, आवाज बंद. हे काटेकोरपणे करा, कारण डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो आणि मोबाईलच्या पडद्यावर एकदा नजर टाकली की ती सवय मोडते. शेजाऱ्याच्या पडद्यानेही मोडते.

सुरुवातीला गवतालगत एखाद-दुसरा ठिपका दिसतो. इथेच बरेच जण "एवढेच?" म्हणून उठतात आणि गाडीकडे जातात. बसून राहा. काळोख दाटला की खालचे ठिपके वर चढू लागतात, मग एखादी फांदी लुकलुकते, मग दुसरी. भरलेल्या झाडावर काही वेळाने त्यांचा मेळ जमतो. अख्खं झाड एका क्षणी उजळतं, दुसऱ्या क्षणी काळं होतं. उजेडाची लाट बुंध्याकडून शेंड्याकडे सरकल्यासारखी जाते, शेजारच्या झाडाकडे पोचते, आणि तिथून उत्तर आल्यासारखी परत फिरते. हे दहा-दहा मिनिटं सलग चालतं. मध्येच विस्कटतं, पुन्हा जुळतं.

हा उजेड म्हणजे नराने मादीला दिलेली हाक आहे. उडत चमकणारे बहुतेक नर असतात. मादी सहसा खाली, झुडपात किंवा गवतात बसून उत्तर देते. किती वेळ उजळायचं आणि किती वेळ विझायचं, याची प्रत्येक जातीची लय ठरलेली असते. त्या लयीत आपली विजेरी, हेडलाइट किंवा फ्लॅश घुसला की संवाद तुटतो. काजव्याच्या आयुष्याचा बराच मोठा भाग अळीच्या रूपात, ओल्या मातीत आणि पाचोळ्यात, गोगलगायी आणि गांडुळं खात जातो. पंख फुटल्यानंतर हाती उरतात ते थोडे दिवस, आणि त्यातच जोडीदार शोधून अंडी घालायची असतात. आपण वाया घालवलेली संध्याकाळ त्यांना भरून काढता येत नाही.

यातूनच झाडाखालचे नियम निघतात. ते कुणी सांगितले म्हणून पाळायचे नाहीत, कारण समजून पाळायचे:

1. गवतात आणि पाचोळ्यात पाय टाकायचा नाही. माद्या आणि अंडी तिथेच असतात.
2. विजेरी फक्त चालताना, लाल कागदासह, जमिनीकडे. झाडाकडे कधीच नाही.
3. काजवा अंगावर बसला तर बसू द्या. मुठीत धरू नका, मुलांच्या हातात देऊ नका. मुलांना हे निघण्याआधी घरीच समजावून सांगितलं तर ती मोठ्यांपेक्षा चांगली वागतात.
4. फांदी हलवायची नाही. "हलवलं की जास्त चमकतात" असं सांगणारे भेटतात. ती घाबरल्याची चमक असते.
5. बोलायचं तर कुजबुजत. आवाजाने काजवे विझत नाहीत, पण शेजारी बसलेल्यांची रात्र जाते. शिवाय रातकिडे आणि रातवा पक्ष्याचा आवाज ऐकण्यासारखा असतो.

गाडीने एखाद्या जागी जावंच लागलं, तर रस्त्याच्या कडेला पूर्ण बाजूला लावा, इंजिन बंद करा, आणि मग सगळे दिवे विझलेत का ते बाहेर उतरून बघा. दार उघडल्यावर लागणारा आतला दिवा आणि पार्किंगचे लुकलुकणारे दिवे हटकून विसरले जातात. चारही कोपऱ्यांवर एका ठेक्यात चमकणारा पिवळा दिवा काजव्यांच्या झाडासमोर चालू ठेवण्याइतकं वाईट दुसरं काही नाही.

साडेनऊ-दहाला उठा. पावसाचा शिडकावा आला तर थोडं थांबा, उघडीप मिळाली की काजवे पुन्हा चमकू लागतात. मात्र ढग गडगडू लागले तर लगेच घराकडे निघा. उंच एकट्या झाडाखाली आडोसा घेणं जिवावर बेतू शकतं.

### फोटो काढायचाच असेल तर

आधी एक सांगतो: मोबाईलने काढलेल्या बहुतेक फोटोंत काळोखाशिवाय काही येत नाही, आणि ते काढण्याच्या नादात समोरचं राहून जातं. तिपाई आणि हाताने सेटिंग बदलता येणारा कॅमेरा असेल तरच हात घाला.

- उजेड असतानाच तिपाई लावा, झाडावर फोकस करा आणि फोकस मॅन्युअलवर टाकून तसाच ठेवा.
- फ्लॅश बंद. फोकससाठी कॅमेऱ्यातून निघणारा मदतीचा दिवाही बंद. मागच्या पडद्याची चमक सर्वांत कमी, लाल दिव्यांवर काळी चिकटपट्टी.
- छिद्र (ॲपर्चर) शक्य तितकं मोठं, आयएसओ 1600 ते 3200, एका फोटोला 15 ते 30 सेकंद. असे अनेक फोटो एकापाठोपाठ घ्या आणि घरी एकत्र करा. हजारो काजव्यांचे जे फोटो फिरतात ते बहुतेक असेच जोडलेले असतात. डोळ्यांना तेवढे ठिपके एका क्षणी दिसतील ही अपेक्षा ठेवू नका.
- "जरा बाजूला व्हा" म्हणत दुसऱ्यांना उठवू नका.

## टप्पा 7: घरात आणि गावात वावरताना

रात्रीचं जेवण म्हणजे बहुतेक घरी नागलीची (नाचणीची) किंवा तांदळाची भाकरी, पिठलं किंवा रस्सा, ठेचा आणि इथलाच भात. चुलीजवळ बसायला मिळालं तर बसा. ओल्या हातावर नागलीचं पीठ थापून भाकरी तव्यावर पडते, वरून पाण्याचा हात फिरतो, उलटते, आणि मग तव्याखालून ओढलेल्या निखाऱ्यांसमोर उभी राहून टम्म फुगते. मात्र स्वयंपाकघरात शिरण्याआधी विचारा, आणि चपला ओटीवरच काढा.

मावशींचा, मुलांचा, म्हाताऱ्या माणसांचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका. "काका, एक फोटो काढू का?" एवढं पुरतं. नाही म्हणाले तर विषय संपला. "आम्हाला आदिवासी नाच दाखवा" अशी फर्माईश करू नका. नाच-गाणी सणावाराची आणि लग्नकार्याची असतात, पाहुण्यांनी टाळी वाजवली की सुरू होणारी नव्हेत. त्या काळात गावात काही असेल तर घरचेच बोलावतील.

मेअखेर हा गावात घाईचा काळ असतो. भाताच्या रोपासाठी राब (रोपाच्या जागेवर पसरून जाळायचा पालापाचोळा) भाजून झालेला असतो, पेरणीची तयारी चालू असते, घरं शाकारायची, सरपण आत घ्यायचं, पावसाळ्याचा किराणा भरायचा. काळी, भाजलेली, मोकळी दिसणारी जमीन म्हणजे पार्किंग नव्हे. ते उद्याचं रोप आहे. तिच्यावर गाडी घालू नका, तंबू ठोकू नका.

शिवारात वाटेच्या कडेला शेंदूर लावलेला, वाघाचं चित्र कोरलेला दगड दिसला तर तो वाघदेव. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला त्याची पूजा होते. त्याला टेकून बसायचं नाही, त्यावर पाय द्यायचा नाही. देवराईत गेलात तर तिथलं पान, फूल, सुकलेली काटकीसुद्धा उचलायची नाही.

सकाळी करवंदं, जांभळं पानाच्या द्रोणात घेऊन मुलं किंवा बायका रस्त्यावर उभ्या असतात. सांगतील त्या भावाने घ्या. घासाघीस करायची ही जागा नाही. घरात तांदूळ, नागली, हिरडा, मध विकायला असेल तर तेही थेट घ्या.

## टप्पा 8: दुसऱ्या दिवशी एकच ठिकाण

रतनवाडी, सांधण, घाटघरचा कोकणकडा, कळसूबाई, रंधा धबधबा हे सगळं एका दिवसात उरकण्याचे बेत लोक बनवतात. त्यात फक्त गाडी चालवणं होतं. एक निवडा.

वयस्कर किंवा लहान मुलं बरोबर असतील तर रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर. सकाळी सातला जा. तिरप्या उन्हात भिंतींवरचं कोरीवकाम उठून दिसतं. शेजारची पुष्करणी शांतपणे बघा, तिच्यात उतरू नका. फोटोसाठी कोरीव भागावर चढू नका. मंदिरात रोजची पूजा चालते, म्हणून चपला बाहेर आणि आवाज हळू.

पाय दणकट असतील तर कळसूबाई. 1646 मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर, वाट बारी गावातून. यासाठी पहाटे पाचला पायथ्याशी हवं, म्हणजे मुक्कामाच्या गावातून त्याही आधी निघावं लागतं. आदल्या रात्री काजव्यांजवळून लवकर उठून दहाला झोपलात तरच हा बेत करा. चढायला साधारण तीन तास धरा. वाटेत लोखंडी शिड्या आहेत. ऊन तापण्याआधी आणि दुपारचे ढग जमण्याआधी खाली उतरायचं. विजा चमकत असताना शिड्यांवर असणं अत्यंत धोक्याचं आहे.

सांधण हे साम्रदजवळचं, दोन उभ्या कातळभिंतींमधलं अरुंद घळीचं ठिकाण. याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: काजव्यांच्या दिवसांत ते सोडून द्या. ते पाहायला हिवाळा योग्य. एकदा वळीव सुरू झाला की वर डोंगरात पडलेल्या पावसाचं पाणी कधी घळीत घुसेल याचा नेम नाही, आणि आत शिरल्यावर बाजूला पळायला जागा नसते. आभाळ निरभ्र असेल, आठवडाभर पाऊस नसेल आणि साम्रदचा वाटाड्या स्वतः "चला" म्हणाला तरच जा. तेव्हाही फक्त सुरुवातीच्या भागापर्यंत, आणि आल्या वाटेने परत. तो नको म्हणाला तर दुसरा वाटाड्या शोधू नका.

जलाशयात पोहू नका. काठ उथळ दिसतो आणि अचानक खोल होतो, तळाला गाळ असतो. दरवर्षी इशारे देऊनही लोक उतरतातच.

> तपासून घ्या: ठरवलेल्या ठिकाणी जाऊन दुपारी एकपर्यंत जेवायला घरी परत येता येतं का? येत नसेल तर बेत मोठा झालाय, कमी करा.

## टप्पा 9: निघताना

पैसे ठरल्याप्रमाणे, मोजून, घरच्यांच्या हातात द्या. संध्याकाळी झाडं दाखवायला आलेल्या मुलाचे वेगळे, थेट त्याला. कचरा स्वतःच्या पिशवीत भरून घोटी किंवा संगमनेरपर्यंत न्या. गावात कचरागाडी येत नाही, तिथे टाकलेलं प्लास्टिक एकतर जाळलं जातं नाहीतर पहिल्या पावसात जलाशयात जातं. बसलेल्या जागेवर एकदा उजेडात परत जाऊन या. चॉकलेटचे कागद, बाटलीची झाकणं, लाल जिलेटिनचे तुकडे हमखास तिथे सापडतात.

फोटो टाकताना नेमक्या झाडाची जागा नकाशावर खूण करून देऊ नका. गावाचं नावही टाळलंत तर बरं. पुढच्या शनिवारी त्याच एका झाडाखाली शंभर गाड्या उभ्या राहतात. ओळखीच्यांनी विचारलं तर मुक्काम केलेल्या घराचा नंबर, त्यांची परवानगी घेऊन, द्या.

रविवारी परतणार असाल तर दुपारचं जेवण आटोपून दोनच्या आत शेंडी सोडा. संध्याकाळी कसाऱ्याच्या घाटात मुंबईकडे जाणारी वाहतूक तुंबते, आणि पुण्याकडे आळेफाट्यापासून पुढे तीच स्थिती असते. नाक्यावर पावती मागितली तर दाखवावी लागेल, ती वरच्या खिशात ठेवा.